मदत हवी आहे: देखणा छोटा कॅमकॉर्डर घ्यावा की जड पण कामाचा?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते. डिसेंबरमध्ये लेकीचं कथक घाणेकर नाट्यगृहात आहे. तिच्या आजीला गावाहून येणं जमणार नाही, तिच्यासाठी ते नीट टिपून ठेवायचंय.

सोनीचा सीएक्स४०५ हाताळून पाहिला. तळहातात मावतो, दिसतोही छान, ऑप्टिकल झूम ३० पट. पण सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग; तो लहान असला की कमी उजेडात चित्र दाणेदार येतं) जेमतेम १/५.८ इंच आणि बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही. सोनीच्याच एएक्स४३ मध्ये माइक जोडता येतो, सेन्सर मोठा, १/२.५ इंच, फोर-के चित्रण. झूम मात्र २० पट, अंगाने दांडगा आणि बराच महाग.

गेल्या वर्षी असाच छोटा कॅमेरा मागून आणला होता. रंगमंचावर निळा प्रकाश आला की लेकीच्या चेहऱ्यावर नुसते दाणे, आणि घुंगरांपेक्षा शेजारच्यांचं खोकणंच मोठं. फार वाईट वाटलं. म्हणून मन मोठ्याकडे झुकतंय. तरी तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला पर्समध्ये टाकून नेता येईल तो छोटाच.

नाट्यगृहात मागच्या रांगेतून चित्रण केलेल्यांनी कृपया सांगा, २० पट झूम पुरतो का? आणि वापरलेला एएक्स४३ घेताना काय काय तपासावं?