विषय: केलब, बेअर्स आणि ५८ टक्क्यांचं दुखणं

प्रेषक: मंदार (नेपरव्हिल)
सोमवार, १९ जानेवारी २०२६

मंडळी,
काल संक्रांतीच्या कार्यक्रमात मागच्या तीन रांगांतून जो आरडाओरडा झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. स्टेजवर ऐन नाट्यगीत रंगात आलं होतं आणि इकडे आम्ही सात-आठ जण एका फोनवर शिकागो बेअर्सचा अमेरिकन फुटबॉलचा प्लेऑफ (बाद फेरी) सामना बघत डोकी घालून बसलो होतो. चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), १८ सेकंद उरलेले, आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, केलब विल्यम्स मागे मागे पळत चाललेला, अंगावर विरोधी राम्सचे लोक. आणि तिथून तोल जात असताना त्याने फेकलेला बॉल आपल्या कोल कमेटच्या हातात! ओरडणार नाही तर काय करणार? गाणाऱ्या ताईंना वाटलं तानेला दाद मिळाली. त्यांनी तीच तान परत घेतली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ओव्हरटाइम, इंटरसेप्शन (केलबचा बॉल विरोधकाने पकडला), २०-१७ ने हार, घरी.

रात्रभर झोप नाही, म्हणून लिहून टाकतो. मोसमात ११ विजय, ६ पराभव, डिव्हिजन (आपला गट) जिंकली, पॅकर्सना प्लेऑफमध्ये लोळवलं, सगळं कबूल. पण आपले कोच बेन जॉन्सनने उन्हाळ्यात जाहीर सांगितलं होतं की केलबचे ७० टक्के पास पूर्ण झाले पाहिजेत. झाले किती? ५८.१. गेल्या वर्षी तो नवखा होता, कोच मधेच हाकलले जात होते, तेव्हाही ६२.५ होते. म्हणजे पोरगं दुसरीत जाऊन गुण कमी घेऊन आलं. पाच यार्डांवर एकटा उभा असलेला माणूस, आणि बॉल त्याच्या पायाशी! चमत्कार शेवटच्या दोन मिनिटांत होतात, पण पहिले तीन क्वार्टर आपण नुसते ताटकळत बसतो.

मंदार

प्रेषक: सुधीरकाका (शॉमबर्ग)
सोमवार, १९ जानेवारी २०२६

चि. मंदार,
तुझा राग कळतो, पण तुझं वय कमी पडतं. मी १९८५ चा संघ सोल्जर फील्डवर बर्फात बसून पाहिलाय. त्यानंतर चाळीस वर्षं क्वार्टरबॅकची वाट पाहतोय. २०१७ साली ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) आपण दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक म्हणून ट्रुबिस्की उचलला आणि माहोम्सला दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी घेऊन गेली, तो दिवस मी घरातल्या सुतकासारखा पाळतो. नंतर फील्ड्स. तोही गेला. लीगमध्ये एकच संघ असा आहे ज्याच्या क्वार्टरबॅकने एका मोसमात ४,००० यार्ड कधीच फेकले नाहीत. आपला. १९९५ चा क्रेमरचा ३,८३८ चा विक्रम इतकी वर्षं कुणी हलवला नव्हता, तो या पोराने ३,९४२ करून मोडला. ५८ यार्ड कमी पडले. असू देत.

माझी तक्रार पोराबद्दल नाही, खेळाच्या आखणीबद्दल आहे. ब्लॅक फ्रायडेला फिलाडेल्फियात आपण २८१ यार्ड धावलो. बॉल घेऊन धावणारे आपले स्विफ्ट आणि ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला तो मोनंगाई, दोघांनीही शंभरी ओलांडली. ईगल्ससारखा संघ त्यांच्याच घरात २४-१५ ने हरवला. केलबला त्या दिवशी फारसं काही करावंच लागलं नाही. मग असं रोज का नको? काल चौथ्या डाउनला पुन्हा पुन्हा जोखीम घेतली, सरळ लाथ मारून तीन गुण घ्यायचे सोडून. जॉन्सन हुशार आहे, पण जुगारी आहे.

सुधीरकाका

प्रेषक: अनघा (ऑरोरा)
मंगळवार, २० जानेवारी २०२६

काका, मंदार,
भाजी चिरता चिरता तुमच्या मेल वाचल्या आणि राहवलं नाही. गॅस बंद करून कॅल्क्युलेटर घेतला.

मंदार, ५८.१ आणि ६२.५ ची तुलनाच फसवी आहे. केलब मागच्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला (बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला), या वर्षी २४ वेळा. सॅक झाला तर तो पास मोजलाच जात नाही, टक्केवारीला ओरखडाही उठत नाही. बॉल मुद्दाम बाहेर फेकून दिला तर मात्र तो अपूर्ण पास म्हणून खात्यात पडतो. जॉन्सनने त्याला वर्षभर शिकवलं काय? तर अडकलास की फेकून दे, आडवा होऊ नकोस. म्हणजे शहाणपणा केला की टक्का घसरतो आणि अंगावर सॅक घेतला की टक्का छान दिसतो!

म्हणून सॅक छेदात घालून बघा. २०२४: ५६२ पास आणि ६८ सॅक, एकूण ६३०, त्यात पूर्ण ३५१. उत्तर ५५.७ टक्के. २०२५: ५६८ आणि २४, एकूण ५९२, पूर्ण ३३०. उत्तर ५५.७ टक्के. मी दोनदा केलं. मुलाकडूनही करून घेतलं, तो म्हणाला, "आई, यू आर राइट", आणि परत हेडफोन लावले.

आता दुसरी बाजू. मागच्या वर्षी ३५१ पासमध्ये ३,५४१ यार्ड, म्हणजे एका पूर्ण पासला दहा. या वर्षी ३३० पासमध्ये ३,९४२, म्हणजे जवळजवळ बारा. बॉल तितक्याच वेळा लागतोय, पण लागला की दोन यार्ड जास्त देऊन जातोय. याला प्रगती नाही म्हणायचं तर मग काय म्हणायचं?

काका, धावण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त ते फेकण्याच्या विरुद्ध नाही. केलब अंडर सेंटर, म्हणजे बॉल मागे देणाऱ्याला चिकटून, उभा राहतो, बॉल स्विफ्टच्या पोटाशी नेतो, लाइनबॅकर (बचावाची मधली फळी) दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या मागे जी जागा मोकळी होते तिथे पास झेलायला आपला लव्हलँड उभा. तुम्ही धावता म्हणून तर ते पुढे येतात. कॉलेजात हा मुलगा बहुतेक वेळ शॉटगनमध्ये (काही यार्ड मागे उभा राहून), हडलशिवाय (खेळीआधी घोळका न करता) खेळला. इथे कानात जॉन्सनचा लांबलचक कॉल येतो, प्ले क्लॉकवर (खेळी सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की रेडिओ बंद, आणि तोवर त्याने तो हडलमध्ये दहा जणांना न अडखळता म्हणून दाखवायचा. रामरक्षा एका दमात म्हणण्यासारखं आहे, तीही दर वेळी वेगळी. मोसमाच्या सुरुवातीला स्नॅपआधीच (खेळी सुरू व्हायच्या आधीच) किती पेनल्टी होत होत्या, आठवतं ना?

अनघा

प्रेषक: रणजित (मॅडिसन)
मंगळवार, २० जानेवारी २०२६

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलो. हातात धरून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. त्यात राहतो विस्कॉन्सिनात. शेजारी सगळे पॅकर्सवाले.

पण १० तारखेला पॅकर्स-बेअर्स प्लेऑफ सामन्याला शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये होतो. हाफटाइमला पॅकर्स २१-३ पुढे. शेजाऱ्याने मला खांद्यावर थोपटून सांत्वनाची बिअर दिली. शेवटच्या क्वार्टरमध्ये बेअर्सनी २५ गुण केले. चौथा डाउन, आठ यार्ड हवे, केलब डावीकडे पळतोय आणि हवेत उडी मारून ओडुंझेला २७ यार्डांचा पास. शेजारी उठून वर निघून गेला. त्याची बायको चिप्सचा वाडगा पण घेऊन गेली.

आकडे तुम्ही बघा. मला पोरगं आवडलं.

रणजित

प्रेषक: मंदार (नेपरव्हिल)
बुधवार, २१ जानेवारी २०२६

अनघाताई, गणित मान्य. पण तुमच्याच गणिताने बॉल अचूक जागी टाकण्यात तो तसूभरही पुढे सरकलेला नाही! ५५.७ होता, ५५.७ आहे. सॅक कमी झाले त्यातलं निम्मं श्रेय लाइनचं, म्हणजे केलबच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्यांचं. थूनी आणि जॅक्सन ट्रेडमध्ये आणले, डालमन सही करून घेतला, मधले तिघेच्या तिघे नवे. पैसे मोजून घर बांधलं तर पाऊस आत येणार नाहीच.

आणि रेडर्स, कमांडर्स, बेंगल्स, जायंट्स, व्हायकिंग्ज, पॅकर्स, हे सगळे सामने शेवटच्या घटकेला काढले. लीगमध्ये सर्वांत जास्त वेळा बॉल हिसकावून घेतला आपल्या डिफेन्सने, म्हणून आपण तिथवर टिकलो. हे दरवर्षी होत नसतं. पुढच्या वर्षी डिफेन्सचा हात आखडला तर त्या तीन क्वार्टरांचं काय करणार?

मंदार

प्रेषक: कार्यकारिणी
बुधवार, २१ जानेवारी २०२६

सर्वांना नम्र विनंती: ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. हळदीकुंकवाच्या वाणाबद्दलची मेल या धाग्याखाली गाडली गेल्याची तक्रार दोघींनी केली आहे.

(व्यक्तिशः: चौथ्या डाउनला जाणं बरोबर होतं. शेवटी एका गुणाची लाथ न मारता दोन गुणांसाठी जायला हवं होतं.)

प्रेषक: अनघा (ऑरोरा)
बुधवार, २१ जानेवारी २०२६

मंदार, लाइनबद्दल बोलतोस तर पूर्ण बोल. मधले तिघे पक्के होते, पण लेफ्ट टॅकलला (लाइनच्या डाव्या टोकाला) वर्षभर संगीत खुर्ची. आधी ब्रॅक्सटन जोन्स, मग बेनेडेट, मग ट्रापिलो, आणि तोही पॅकर्सच्या सामन्यात जायबंदी. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ सांभाळणारा माणूस तो. एवढं असून २४ सॅक म्हणजे पळून सुटका करण्यात मुलाचाही वाटा मोठा आहे.

त्या तीन क्वार्टरांबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. जवळचे पास चुकतात हे मलाही दिसतं. पायांची ठेवण बिघडते, घाईत खांदा आधी फिरतो आणि बॉल खाली जातो.

ओव्हरटाइमचा तो बॉल मी चार वेळा परत पाहिला. राम्सला पहिल्या पाळीत काही जमलं नव्हतं, नुसता फील्ड गोल (लाथेचे तीन गुण) झाला असता तरी सामना आपला होता. केलबने लांब, आतल्या बाजूला फेकला, पास झेलणारा आपला मूर पुढे धावेल या हिशोबाने. मूरने वेग कमी केला. दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या रेघा होत्या, आणि राम्सच्या कर्लने मधे सूर मारला. याला नेम चुकला म्हणता येत नाही. ५५.७ नियमित मोसमाचा आकडा, त्यात तो नाही; पण प्लेऑफ मोजले तर तुझ्या हिशोबात तोही अपूर्णच पडेल, माझ्याही.

काका, सप्टेंबरमध्ये पहिला सामना आमच्याकडे. मिसळ करते. तुम्ही ८५ ची गोष्ट सांगा, पण स्नॅपच्या आधी.

अनघा