हरकत घेणारे ‘विकासाचे दुश्मन’? मग त्या ओघळीचं आणि पांदणीचं काय, तेही सांगा

काळीमाती:
परवा ‘नवा प्लॉट’ यांनी लिहिलं, “बारा एकराचं लेआऊट पडणार म्हटलं की आठ-दहा विकासाचे दुश्मन हरकती घेऊन उभे राहतात. यांची घरं झाली, आता दुसऱ्याचं होऊ द्यायचं नाही.” त्या हरकतींवर पहिली सही माझी आहे. दोन दिवस गप्प बसलो, पण ‘दुश्मन’ हा शब्द काही डोक्यातून जाईना.

माझे दोन्ही लहान भाऊ लेआऊटमध्येच राहतात. गाव वाढणार, घरं लागणार, हे मलाही कळतं. नगरपरिषदेनं नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची नोटीस काढली, ही जमीन शेती विभागातून रहिवासी विभागात घ्यायची म्हणून महिनाभरात हरकती मागवल्या. मी कार्यालयात जाऊन प्रस्तावाला जोडलेला नकाशा तासभर पाहिला. रस्ते आहेत. दहा टक्के खुली जागा आहे. दोन हेक्टरच्या वर जमीन आहे म्हणून सुविधांसाठी जागाही सोडली आहे. कागद नियमात बसतो.

नाही ती एकच गोष्ट. वरच्या तीस-चाळीस एकरांचं पाणी ज्या ओघळीतून नाल्यात उतरतं, ती ओघळ त्या नकाशावर नाही. आज ती ओघळ आहे, उद्या तिथे प्लॉट नंबर ६१ ते ७४ आहेत. बारा एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४८ लाख लिटर पाणी होतं, आणि हे फक्त त्या बारा एकरांचं. त्यात लेआऊटवाले दोन फूट मुरूम टाकून जमीन उचलणार. मग वरच्यांची वावरं पाणी साचून चिबडणार, तूर जळणार, आणि खालच्या वस्तीत पाणी घुसणार. शेजारून जाणारी पांदण, म्हणजे वावरांत जायची बंडीची वाट, तीही नकाशात कुठे दिसली नाही.

आता लोक म्हणतात, झोन बदल होऊ द्या, पाण्याचं लेआऊट मंजुरीच्या वेळी बघू. लेआऊट मंजुरीच्या वेळी तुम्हाआम्हाला कोणी बोलावत नाही. तिथे अर्जदार, मुख्याधिकारी आणि नगररचना विभाग, एवढेच. लोकांना तोंड उघडायची कायद्यानं दिलेली जागा ही एकच सुनावणी आहे. ती मंगळवारी आहे.

नवा प्लॉट:
शब्द माझाच आहे आणि तो मी मागे घेत नाही. नऊ वर्षं झाली, दोन खोल्यांत पाच माणसं राहतो. भाडं दरसाल वाढतं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आम्ही बाहेर. माझ्यासारखी किती कुटुंबं आहेत ते बाजार चौकात उभं राहून मोजा.

आणि पाण्याचं म्हणता, तर कास्तकाराच्या घरचा मीही आहे. काळी माती जूनमध्ये भेगाळलेली असते तेव्हा पाणी पिते. ऑगस्टमध्ये एकदा फुगली की वावरातूनही पाणी तसंच वाहतं. त्या १२ एकरांचं पाणी आजही त्या नाल्यातच जातं ना? मग घरं झाल्यानं नवीन काय होणार?

तुम्ही विसरता ती गोष्ट म्हणजे हे लेआऊट रीतसर मार्गानं येतं आहे. झोन बदल, मग मंजुरी, मग महारेराचा, म्हणजे घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर. हे अडवलं तर लोक घर बांधायचे थांबणार नाहीत. नुसत्या स्टॅम्प पेपरवर दोन-दोन गुंठे घेतील, आणि तिथे तर दहा टक्के खुली जागाही नसेल. शेतीचे लहान तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, तरी गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करायला २००१ मध्ये वेगळा कायदा आणावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. रीतसर जागा मिळत नाही म्हणूनच ना?

काळीमाती:
ऑगस्टच्या मातीचं बरोबर आहे. मानलं. पण आज ते पाणी वाहतं कारण ओघळ मोकळी आहे. मी पाणी वाढेल एवढंच म्हणत नाही, वाट बंद होईल म्हणतो. नकाशात ओघळ दाखवा, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, चौदा प्लॉट कमी करा. माझी हरकत मी स्वतः जाऊन मागे घेईन.

कोरडवाहू:
चौदा प्लॉट कमी करा म्हन्ता. त्या चौदा प्लॉटाचे पैसे कोनाच्या खिशातून जातीन, तुमच्या का?

त्या बारा एकरातले चार एकर आमचे व्हते. गेल्या साली इसार घेतला. आता आयका. एकरी पाच क्विंटल कापूस. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये. म्हन्जे एकरी साडेसदतीस हजार, तेही हमीभाव भेटला तर. त्यातून बियानं, खत, फवारनी, निंदन, येचनी काढा. काय उरते ते तुमीच सांगा. पोरगी नागपुरात नर्सिंगले हाय. येळाकेळीले समृद्धीचा इंटरचेंज झाला तवापासून सारेच भाव इचारून रायले. मी इकलं. मले त्याची लाज नाई वाटत.

हरकत घेनाऱ्यायपैकी एकानं तरी माह्या वावरात येऊन इचारलं का, बाप्पा, तुह्यं कसं चाललं?

काळीमाती:
विचारलं नाही. ती चूक माझी आहे, दादा.

प्लॉट क्र. २७:
मी त्या दुसऱ्या बाजूला राहते, जिथे २००९ मध्ये लेआऊट पडलं. ‘नवा प्लॉट’ भाऊ, रीतसर, रीतसर म्हणता म्हणून सांगते. आमचंही रीतसरच होतं. नकाशावर शिक्का होता, खुली जागा होती, नाल्या होत्या, रस्ते होते. माझ्या मिस्टरांनी तो नकाशा फ्रेम करून ठेवला होता, इतका आनंद झाला होता.

पंधरा वर्षांत नाली झाली नाही. रस्त्यावर एकदा मुरूम पडला, तोही गणपतीच्या आधी. खुल्या जागेला कोणीतरी तार मारली, आता तिथे कडबा रचतात. कार्यालयात गेलं की म्हणतात, लेआऊट नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालं नाही, मालकाला विचारा. मालक म्हणतो, माझे प्लॉट विकले, माझा संबंध संपला. उन्हाळ्यात टँकरच्या मागे मी पाण्याचे दोन गुंड घेऊन धावते, माझं वय अठ्ठावन्न आहे. काळ्या मातीनं घराच्या दोन भिंती उकलल्या. पाया किती खोल घ्यावा लागतो हे प्लॉट विकताना कोणी सांगितलं नाही.

मला ओघळ, पांदण फारसं कळत नाही. मंगळवारी एवढंच विचारा की विकासकामं पूर्ण झाल्याशिवाय अंतिम मंजुरी देणार नाही, असं लिहून देता का.

नवा प्लॉट:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. २००९ मध्ये रेरा नव्हता. तो कायदा २०१६ चा, आणि महारेराकडे नोंदणी सुरू झाली मे २०१७ पासून. आता ५०० चौरस मीटरच्या वर प्लॉट पाडायचे तर नोंदणी लागतेच. तक्रार करायला जागा आहे.

प्लॉट क्र. २७:
तक्रार करायला जागा आधीही होती, भाऊ. प्यायला पाणी नव्हतं.

बंडीवाला:
सारे प्लॉटाचंच बोलून रायले. पांदनीचं कोन बोलनार?

ते पांदन माह्या आज्यापासून हाय. वरच्या सतरा-अठरा कास्तकारायचा तो एकच रस्ता. खताची बंडी तिथूनच, कापसाची बंडी तिथूनच, ढोरं तिथूनच. आता येचनी चालू हाय. मानसं डोक्यावर गाठोडे घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं येऊन रायले, काऊन तं लेआऊटवाल्यानं आताच सिमेंटचे खांब गाडले. अजून मंजुरी नाई, झोन बदलला नाई, अन् खांब गाडून मोकळा. परवा माह्या भावाच्या बैलाचा पाय त्या तारेत अडकला. गुडघ्यापासून सोलला.

मंजुरी द्यायची तं द्या. पन आमच्या बंड्या का उडून जातीन?

सातबारा:
बंडीवाले काका, खांब कधी गाडले ती तारीख आजच लिहून ठेवा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अडथळा काढायचा दावा करता येतो, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नंतर गेलात की हात हलवत परत याल. माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं, आठव्या महिन्यात गेले.

दुसरं, लेआऊटवाला सातबारा दाखवेल आणि म्हणेल यात रस्ता कुठे आहे. सातबाऱ्यावर तो दिसणार नाही. गाव नकाशा काढा. दुहेरी तुटक रेष असेल तर तो गाडीमार्ग. अशी वाट गटाच्या आतूनच जाते, तिचं क्षेत्र मालकाच्याच नावावर दिसतं, म्हणून नवा खरेदीदार ती आपली समजतो. आणि आपल्याकडे निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना हे शब्दही माहीत नसतात, आपल्याला मालगुजारीच्या काळापासून मिळालेले आहेत. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये आजही आहेत. गावाची वहिवाट त्यात लिहिलेली असते. नक्कल काढून हरकतीला जोडा. तोंडी सांगितलेलं सुनावणीत टिकत नाही.

गावठाण:
पांदण, ओघळ, सगळं ठीक. पण गावात जागा उरली कुठे, यावर कोणी बोलत नाही. गावठाणाला लागून सरकारी जमीन आहे ती नोंदीत झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन. वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असं सांगितलं. माझ्या चुलतभावाचं घरकुल मंजूर आहे आणि बांधायला जागा नाही. सरकारी जमीन मिळत नाही म्हणून सगळा भार कास्तकाराच्या वावरावर येतो. हरकत घ्यायची तर तिथे घ्या.

सातबारा:
तो वेगळा विषय आहे. आणि झुडपी जंगल राहिलं म्हणून आपल्या गावची ढोरं अजून चरतात.

नवा प्लॉट:
पांदणीवरून एवढे सगळे गहिवरले आहात तर मीही थोडं बोलतो. बंडीवाले काका, त्या पांदणीची वरच्या अंगाला रुंदी किती उरली आहे? मी पोरगा होतो तेव्हा दोन बंड्या समोरासमोरून जायच्या. आज एक जात नाही. ती काय लेआऊटवाल्यानं खाल्ली? दोन्ही बाजूंचे कास्तकार दरसाल नांगरताना एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आत सरकले. खांब दिसतो म्हणून त्याच्यावर ओरडता. तुमची तूर पांदणीत उभी आहे ती कोणी पेरली?

बंडीवाला:
तोंड सांभाळून बोल. तुह्या बापाले मी खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं व्हतं त्याच पांदनीतून, पुरात, दुसरा रस्ता नव्हता तवा. अन् तू मले चोर म्हन्तं?

नवा प्लॉट:
चोर म्हटलं नाही, काका. तुमचे उपकार घरात सगळ्यांना माहीत आहेत. पण तूर कोणाची आहे याचं उत्तर आलं नाही.

कोरडवाहू:
त्याचं म्हननं खोटं नाई. माह्याही वावराच्या बाजूनं दोन तासं आत हायेत. बापानं केलं, मी तसंच पेरत रायलो. साऱ्यायनंच केलं.

काळीमाती:
विषय ओघळीवरून कुठे गेला बघा. पण ‘नवा प्लॉट’ यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही, मला आवडो न आवडो. आपण नांगराच्या तासाएवढ्या रुंदीची पांदण घेऊन सुनावणीला गेलो तर लेआऊटवाल्याचा वकील पहिलं हेच विचारेल. मोजणीचा अर्ज करावा लागेल. फी मी भरतो. मोजणीत माझ्या धुऱ्याकडे निघालं तर मीही सोडीन.

मास्तर:
तीस वर्षं या गावात शिकवलं, म्हणून बोलतो. विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायची असं त्याच नगररचना कायद्याचं कलम ३८ सांगतं. आपली योजना झाली तेव्हा ती जमीन शेती विभागात ठेवली, त्यामागे नाला हे कारण होतं. त्या वेळच्या बैठकीला मी होतो. आज एकेका मालकाच्या अर्जावर तुकड्यातुकड्यानं झोन बदलत गेलो तर नाल्याचा विचार कोणत्याच तुकड्यात होणार नाही, कारण प्रत्येक जण म्हणेल माझ्या बारा एकरानं काय बिघडतं. मी मंगळवारी येणार आहे, गुडघे दुखतात तरी. पण कोरडवाहूंनाही तिथे बसवा. इसाराच्या पैशावर ज्यांच्या मुलीची फी चालली आहे, त्यांना बाहेर ठेवून घेतलेल्या हरकतीच्या बाजूनं मी बोलणार नाही.

नवा प्लॉट:
मास्तरांसमोर वाद घालत नाही. पण माझी अट ऐका. हरकतीत ‘लेआऊट रद्द करा’ लिहिलं आहे, ते काढा. ‘ओघळ आणि गाडीमार्ग नकाशात दाखवूनच पुढे जा’ एवढंच लिहा. तसं असेल तर मी विरोधात बोलणार नाही. सही मात्र करणार नाही.

काळीमाती:
‘रद्द करा’ हे रागात लिहिलं होतं. सुधारित हरकत सोमवारी देतो. प्लॉट २७ च्या ताईंचा अंतिम मंजुरीचा मुद्दाही त्यात घालतो. ‘सातबारा’ भाऊ, गाव नकाशाची नक्कल तुम्ही काढाल का? मला त्या कार्यालयात कोणी ओळखत नाही.

सातबारा:
काढतो. निस्तार पत्रकालाही अर्ज टाकतो, पण ते मंगळवारपर्यंत हातात येईल असं धरू नका.

बंडीवाला:
रातभर झोप नाई लागली. माह्या बाजूची तुरीची एक ओळ पांदनीत हाय, हे खरं. शेंगा भरल्या हायेत, तोडनी झाली का उपटून टाकतो. पन मोजनी पयले खांबाकडून सुरू करा, मंग माह्याकडे या.