सासूबाई दिवेलागणीला "घरी जाते" म्हणून निघतात, मी पार थकलेय

डिचोलीची सून:
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायला बसले कारण घरात बोलायला कोणी नाही. सासूबाई 81 वर्षांच्या, 3 वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर, म्हणजे विसरण्याचा आजार, सांगितला. दिवसा तशा शांत असतात, तांदूळ निवडायला दिले की तासभर निवडत बसतात, पण तिन्हीसांजा झाल्या की कापडी पिशवीत एक साडी, फणी आणि देवाकडची काडेपेटी घालून गेटकडे. "हांव घरा वता गो, फेरी चुकतली." माहेर त्यांचं दिवाडी बेटावरचं, नार्व्याहून फेरीबोटीने जायचं. आधी मी खरं सांगायचे, आई, तुमची आई कधीच गेली, तर प्रत्येक वेळी आत्ताच कळल्यासारखं रडायच्या. ते मी बंद केलं. पण परवा त्या ऐकेनात म्हणून मी हात धरून ओढलं आणि मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले. त्या विसरल्या, माझ्या डोळ्यांसमोरून ते मनगट हलत नाही. रात्री दोन-तीनदा उठतात, मिस्टरांची वेर्ण्याला शिफ्ट ड्युटी, नणंद मुंबईला, ती फोनवर म्हणते आईला सांभाळायला बाई ठेवली तर लोक काय म्हणतील. चवथीला माहेरी गेले नाही. माझंच बीपी वाढलंय. कोणी यातून गेलंय का?

म्हापशाचा मुलगा:
वहिनी, माझ्या बाबांचं हेच होतं, ते बाजारात दुकान उघडायला निघायचे, दुकान विकून 20 वर्षं झालेली. वाद घालू नका आणि पिशवी काढून घेऊ नका, त्या पिशवीनेच त्यांना धीर येतो. "चला, मीपण येते" म्हणून कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि परत या, आमचे बाबा परत येईपर्यंत दुकान विसरायचे. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, सावल्यांनी ती माणसं जास्त घाबरतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. पिशवीत तुमचा फोन नंबर लिहून ठेवा आणि शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा, लपवू नका. एक गोष्ट मनापासून सांगतो, मी दीड वर्ष एकदाही घराबाहेर पडलो नाही आणि शेवटी पाठ धरून अंथरुणाला खिळलो, तेव्हा भाऊ-बहीण सगळे धावत आले. आधी वेळ कोणालाच नव्हता.

रिटायर्ड नर्स, फोंडा:
बाळा, आधी सांग, हे हळूहळू वाढलं की चार दिवसांत एकदम? एकदम वाढलं असेल तर लघवी तपासून घे. म्हाताऱ्या माणसांना युरिन इन्फेक्शन झालं की कधीकधी ताप येत नाही, नुसता गोंधळ वाढतो. पोट साफ नसणं, पाणी कमी पिणं, नवीन गोळी, यानेही होतं. झोपेची गोळी किंवा झोप आणणारी सर्दीची गोळी मनाने देऊ नको, गुंगीत पडतील आणि भ्रम वाढेल. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे दाखवता येईल.

आणि त्या वळाबद्दल. तू वाईट नाहीस, तुला झोप नाही. तेच तुझ्या डॉक्टरला सांग, बीपीबरोबर झोपेचंही. मन फारच भरून आलं तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो. आपल्या गोव्यातच 2008 साली एक अभ्यास छापून आला होता, घरात असंच विसरणारं माणूस असलेल्या 81 कुटुंबांचा, इथल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. शिकवलेलं माणूस येतं, ऐकून घेतं, एवढ्याने फरक पडतो. त्यामुळे बाई ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

साखळीहून:
नणंदेला आठ दिवस राहायला बोलवा. फक्त एवढंच. आमच्याकडे चौथ्या दिवशी बाई ठेवायला तिनेच पैसे दिले.

डिचोलीची सून:
तुम्हा सगळ्यांचं वाचून रडू आलं, पण बरं वाटलं. लघवीत खरंच इन्फेक्शन निघालं, औषध सुरू झालंय. मागच्या आळीतली एक बाई सोमवार आणि गुरुवारी 2 ते 5 येते, पहिल्या दिवशी मी बाहेर न जाता दुसऱ्या खोलीत नुसती झोपले. नणंदेशी बोलले, ती दिवाळीला येतेय. काल संध्याकाळी पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा मी सुचेल ते बोलले, आई, फेरी पलीकडे गेलीय, येईपर्यंत बसूया. दोघी सोप्यावर बसलो, पिशवी त्यांच्या मांडीवर. मला विचारलं, "तूंय दिवाडीक येता गो?" म्हटलं येते. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत बसल्या आणि आत येऊन वाटीभर पेज जेवल्या.