निकेलचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) सहा तासांत चोक होतोय, तांबं मिसळू का?

सांगलीकर_केमिकल: नमस्कार मंडळी. एमटेकचा प्रोजेक्ट, इथेनॉलपासून हायड्रोजन. आपल्याकडं ऊस, मळी, स्पिरिट कशाला तोटा नाय म्हणून सरांनी हौसेनं विषय दिला आणि आता मी अडकलोय. गॅमा अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) गोळ्यांवर १० टक्के निकेल, ५०० डिग्री, एक मोल इथेनॉलला तीन मोल पाणी. पहिले दोन तास गॅस झकास, मग प्रेशर चढायला लागतं आणि सहाव्या तासाला पंप ढकलेनाच. काल ट्यूब उघडली तर गोळ्यांचा भुगा, बोटाला तव्याखालची काजळी लागावी तसं काळं. निकेलऐवजी ऱ्होडियम घ्यावं तर तो महागडा धातू बजेटच्या बाहेर. निकेल-कॉपर अलॉय केला तर थांबेल का हे?

भट्टीवाला_कराड: तांबं नंतर, आधी अॅल्युमिना बदल भावा. गॅमा अॅल्युमिना आम्लधर्मी, ते इथेनॉलमधलं पाणी काढून इथिलीन करतं आणि त्याच इथिलीनचा निकेलवर कार्बन होतो. आणि भुगा का झाला सांगू? निकेल कार्बन पोटात विरघळवून घेतं आणि दुसऱ्या बाजूनं दोऱ्यासारखा बाहेर ढकलतं, निकेलचा कण त्या दोऱ्याच्या टोकावर उचलला जातो, असे दोरे गोळीच्या आत वाढले की गोळी फुटणारच. सिरिया (सिरियमचं ऑक्साइड) नायतर लँथॅना (लँथॅनमचं ऑक्साइड) घालून बघ, सिरिया ऑक्सिजन देतं-घेतं, कार्बन जळून जायला मदत होते.

तांब्याचं म्हणशील तर, कार्बन जमायला निकेलच्या अणूंचा घोळका लागतो, मधे तांबं घुसलं की घोळका मोडतो. पण कार्बन-कार्बन बंध तोडायचं काम निकेलच करतं, तांब्याला ते जमत नाय, जास्त घातलंस तर गाडी अॅसिटाल्डिहाइडवरच थांबणार, कच्च्या सफरचंदासारखा उग्र वास आला की समज. मेथेनॉलला तांबं-झिंक २५०-३०० डिग्रीत मस्त चालतं कारण तिथं तोडायला तो बंधच नाय. तुझ्या ५०० डिग्रीला तांब्याचे कण एकमेकांत वितळल्यासारखे गोळा होत्यात, ते वेगळंच.

मळीचा_माणूस_वाळवा: मी डिस्टिलरीत २२ वर्षं काढली, कॅटॅलिस्टचं मला कळत नाय पण एक विचारतो, तुम्ही अॅब्सोल्यूट (पाणी पार काढलेलं) अल्कोहोल आणून त्यात परत पाणी घालताय का? वजनानं बघितलं तर तुमचं मिश्रण ४६ भाग अल्कोहोल, ५४ भाग पाणी. आम्ही वाफ जाळून जाळून पाणी काढायचं आणि तुम्ही परत ओतायचं, असला कसला धंदा!

भट्टीवाला_कराड: काका एकदम बरोबर, एवढी शुद्धता लागतच नाय. पण अर्धवट डिस्टिल केलेल्या मालात फ्युजेल ऑइल राहतं, त्या जड अल्कोहोलांचा कार्बन अजून जास्त. आणि गंधक थोडंसं आलं तरी निकेल मेलं. पोरा, तू आत्ता शुद्धच वापर. पाणी मात्र सहा मोलपर्यंत ने, वाफ वाढली की काजळी कमी, हीटरचं बिल वाढंल तेवढं. आणि एक, ट्यूब पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नकोस, रिड्यूस केलेलं (ऑक्सिजन काढून शुद्ध धातू झालेलं) बारीक निकेल हवेत आपोआप पेट घेतं.

सांगलीकर_केमिकल: काल कोमट असतानाच उघडली होती 😅 बहुतेक काजळीनं झाकलेलं होतं म्हणून वाचलो. लँथॅनम नायट्रेट लॅबमध्ये आहे, तापवलं की त्याचंच लँथॅना होतं, उद्या अॅल्युमिनाला आधी तेच पाजतो, मग निकेल. तांबं दुसऱ्या बॅचला, थोडंसंच. काका, फ्युजेल ऑइलची छोटी बाटली मिळेल का कुठं? मुद्दाम घालून बघायचंय किती तासात मरतंय ते.

मळीचा_माणूस_वाळवा: बाटली मिळंल पण कागद लागत्यात, तुमच्या सरांचं पत्र घेऊन या आधी.