राणा मित्तर यांचं आधी काय वाचू? चीन-जपान युद्धाबद्दल

परळकर: मी केईएम हॉस्पिटलसमोरून रोज येजा करतो. आज्जी सांगायची की सोलापूरचे डॉ. कोटणीस इथेच जीएस मेडिकल कॉलेजला शिकले आणि चीनला लढाईतल्या जखमींवर उपचार करता करता तिकडेच वारले. पण ती लढाई नक्की कसली हे कधी कळलंच नाही, शाळेत दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर आणि पर्ल हार्बर, बस. इतिहासकार राणा मित्तर हे नाव सारखं दिसतंय, चीनच्या इतिहासाचा काहीच बेस नसताना झेपेल का?

माहीमची_वाचक: आरामात झेपेल. ते आधी ऑक्सफर्डला होते, आता हार्वर्डला. २०१३ चं 'चायनाज वॉर विथ जपान' आधी घ्या, अमेरिकेत तेच 'फरगॉटन अलाय' नावाने आलंय, चुकून दोन्ही घेऊ नका. जुलै १९३७ ला मार्को पोलो पुलापाशी चकमक उडाली तिथून युद्ध पेटलं, डिसेंबरात राजधानी नानजिंग पडली, सरकार चोंगचिंगला आणि तिथे वर्षानुवर्षं बॉम्ब. जून १९३८ मध्ये जपान्यांना अडवायला चँग कै-शेकच्या, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारच्या नेत्याच्या सैन्याने पीत नदीचा बांध स्वतःच फोडला आणि आपलीच काही लाख माणसं त्यात गेली, तो भाग वाचून मी दोन दिवस पुस्तक उघडलं नव्हतं.

गिरगाव_७८: नंतर २०२० चं 'चायनाज गुड वॉर' सोडू नका, मला तर तेच जास्त लागलं. युद्ध कोणी कसं लक्षात ठेवलं यावर आहे ते. माओच्या काळात जपानशी लढलो ते आम्हीच असं कम्युनिस्टांचं म्हणणं, चँगचे सैनिक आणि चोंगचिंगच्या लोकांनी सोसलेलं सगळं बाजूला पडलं. ८० नंतर हळूहळू चित्र बदललं, १९८५ ला नानजिंगमधल्या जपानी हत्याकांडाचं स्मारक झालं, २०१७ ला तर शाळेच्या पुस्तकात ८ वर्षांचं युद्ध १४ वर्षांचं केलं, म्हणजे सुरुवात १९३७ ऐवजी १९३१ पासून, जपानने मांचुरिया घेतला तिथून.
आणि कोटणीसांचं बघा, त्यांचं पथक १९३८ ला मुंबईहून निघालं ते आधी हँकाऊ, चोंगचिंग करत गेलं, म्हणजे चँगच्याच भागात, माओच्या तळावर, येनानला पोचले १९३९ ला. पण तिकडे त्यांची आठवण जपली ती माओच्या सैन्याचे डॉक्टर म्हणूनच.

परळकर: हे कोणी सांगितलंच नव्हतं! पथकात अजून कोण होतं?

गिरगाव_७८: एकूण पाच डॉक्टर. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला गेले, ३२ वर्षांचे होते फक्त.

माहीमची_वाचक: माझी कॉपी नेऊ शकता, शनिवारी दादरला असते. पेन्सिलच्या खुणा आहेत, चालतील ना?