विषय: पीएच.डी. सुरू करणाऱ्या भाचीसाठी सल्ला हवा (पंचगंगेचा पूर)

प्रेषक: सु., श्टुटगार्ट

मंडळी, नमस्कार.

आपल्या मराठी मंडळींच्या मेलिंग लिस्टवर गणपतीच्या मेलांमध्ये घरचा विषय घुसवतोय, चालवून घ्या. माझी भाची कोल्हापूरला असते. शिवाजी विद्यापीठातून भूगोलात एम.एस्सी. झाली, नेट ही पात्रता परीक्षा निघाली, त्यातूनच मिळणारी जेआरएफ शिष्यवृत्ती मात्र नाही. तिचं आजोळ, म्हणजे आमचं घर, आंबेवाडीला. २०१९ ला ते पाण्यात होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात पंचगंगेचा पूर बसलाय आणि पीएच.डी. त्यावरच करायची म्हणते. तिकडेच नोंदणी करावी की इकडे प्रयत्न करावा? सुरुवातीला काय सांभाळावं? मी गाड्यांचे ब्रेक करतो, मला यातलं काही कळत नाही. ती लिस्टवर आहे, थेट तिलाच लिहा.

---

प्रेषक: नी., म्युनिक

गाइड बघ, बाकी सगळं नंतर. आणि गाइडची चौकशी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांकडे करू नकोस, ते चांगलंच सांगणार. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना विचार, आणि मधेच सोडून गेलेला कोणी सापडला तर त्याला आधी. प्रकरण लिहून दिलं की किती दिवसांत परत येतं, एवढंच विचारायचं. उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो त्यावरून कळतं.

(सु., मोदकांचा आकडा अजून दिला नाहीस.)

---

प्रेषक: वि., आखेन

नीताईंचं खरं आहे, पण गाइड देवमाणूस असला तरी नसलेली माहिती तो पैदा करू शकत नाही. मी कागलचा. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी मोजणं हे माझं काम, तेव्हा मेल लांबणार.

‘पंचगंगेचा पूर : एक भौगोलिक अभ्यास’ असलं शीर्षक नोंदवू नकोस. त्यात संशोधनाचा असा प्रश्नच नाही. आणि प्रश्न ठरवण्याआधी कच्चा माल हातात येतो का ते बघ, विद्यापीठाच्या समितीपुढे जाणं नंतर. एकदा नोंदवलेला विषय बदलायचा म्हणजे अर्ज, बैठका आणि वाट बघणं.

तुझ्याच विषयाचं घे. पावसाळ्यात साध्या उपग्रहचित्रात पूर दिसत नाही, नुसते ढग दिसतात. म्हणून रडार लागतं. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडारवाला उपग्रह २०१४ पासून आहे, चित्रं फुकट आहेत, ढगांचा अडथळा नाही. पण त्याच मार्गावर परत यायला एका उपग्रहाला बारा दिवस लागतात. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथली धोका पातळी ४३ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ते ज्या दिवशी सगळ्यात वर होतं, त्या दिवसाचं चित्र आहे का? नसेल तर तुझ्याकडे चढत्या नाहीतर ओसरत्या पुराचा नकाशा आहे, आणि ‘कमाल पूरक्षेत्र’ हा शब्द प्रबंधात लिहिता येणार नाही. हे एका दुपारी तपासून होतं. लोक तिसऱ्या वर्षी तपासतात.

दुसरं, उंचीचा नकाशा. एसआरटीएम या अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीचा, ३० मीटरच्या चौकटींचा, फुकट मिळतो आणि सगळे तोच वापरतात. त्यात उंचीची चूक काही मीटरची असते. डोंगरात खपून जाते. सपाट शिरोळ तालुक्यात एका मीटरवर अख्खं गाव पाण्यात की बाहेर ते ठरतं. तिथे त्या नकाशावर केलेलं पुराचं मॉडेल म्हणजे नुसती रंगपंचमी.

नदीच्या नोंदींचं त्यापेक्षा बरं आहे. कृष्णा खोऱ्याची माहिती गंगा-ब्रह्मपुत्रेसारखी गोपनीय नाही. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं तेरवाड आणि कुरुंदवाडला आहेत, इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्र सरकारच्या जलमाहितीच्या पोर्टलवर बरंच काही मिळतं. बंधाऱ्याच्या रोजच्या पातळ्यांसाठी जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज दे. अर्जाची पोच घे.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, हा प्रश्न आत्ता नको. रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचं उत्तर तयार आहे. सिद्ध करायचं तर दोन राज्यांतल्या धरणांच्या तासागणिक नोंदी लागतील, त्या तुला कोण देणार? २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल मात्र मुळातून वाच, बातमीतला नको.

मी तुझ्या जागी असतो तर लहान प्रश्न घेतला असता : आंबेवाडी-चिखलीतलं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ओसरायला किती वेळ लागला, आणि दोन्ही वेळी फरक का पडला? २००५ घ्यायचं तर तेव्हा सेंटिनेल नव्हता. तिथे पंचनामे आणि भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा. त्या खुणा मोजायला तुझ्याइतकं सोयीचं माणूस इथे आखेनला कोणी नाही. म्हणून सांगतो, इकडे यायचं ते याच विषयासाठी असं नको. जर्मनीत बहुतेक वेळा आधी प्राध्यापक मिळवावा लागतो, आणि पगारी जागा त्याच्या प्रकल्पाची असते. विषयही मग त्याचाच.

---

प्रेषक: अ., राजारामपुरी, कोल्हापूर

तिकडून परत आलो तरी लिस्ट काही सुटत नाही. वि.चा मेल छापून आमच्या विद्यार्थ्यांना द्यावा असा आहे, फक्त त्यात इथली कागदपत्रं राहिली.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात, महिलांना त्यावर आणखी दोन. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. त्या सादरीकरणाला घाबरणारे जास्त रखडतात असं माझं निरीक्षण आहे.

गाइडला पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचार, संकोच नको. जागा शिल्लक आहे का? प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्ती कधी? सेवा तीन वर्षांहून कमी उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि साडेतीन उरली असतील तर शेवटी तुझ्याकडे कोण बघणार, ते आधीच ठरवून घे.

जेआरएफ नसेल तर नेटचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नकोस. पैशांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांपैकी तुला कोणाची फेलोशिप लागू होते ते आत्ताच पाहा. जाहिरात येते तेव्हा मुदत थोडी असते आणि दाखले काढण्यातच ती संपते.

आणखी एक. त्या नियमावलीत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो विभागात विचार, पण पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्यांचे मेल आले की सरळ पुसून टाक.

वि., एका गोष्टीत मतभेद. अलमट्टी टाळता येणार नाही. तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारणारच. उत्तर नसलं तरी चालेल, पण का नाही ते तिला सांगता आलं पाहिजे.

---

प्रेषक: सु.ची भाची, कोल्हापूर

सगळ्यांना नमस्कार, आणि मामाला वेगळा.

वि. दादा, काल रात्रीच सेंटिनेलच्या ऑगस्ट २०१९ च्या तारखा काढायला बसले. अजून पूर्ण झाल्या नाहीत, झाल्या की फाइल पाठवते. अ. सर, जलसंपदाला अर्ज विभागाच्या पत्रासह द्यावा की नोंदणीआधी नुसता माझ्या नावाने चालेल? आणि भिंतींवरच्या खुणा मोजायच्या तर लवकर मोजायला हव्यात. आजीने दिवाळीला घर रंगवायला काढलंय.