प्रतिसाद : चाकणच्या बदलीबद्दल

पगार वाढवून कोल्हापूरहून पुण्याजवळच्या चाकणला बदली मिळतेय, घेऊ का, असं तू विचारलंयस. वर दोघातिघांनी "पाच हजार वाढतायत ना, मग डोळे झाकून जा" असं लिहिलंय. भावा, डोळे झाकून गाडी चालत नाही, बदली तरी कशी घ्यायची?

शिरोलीच्या गोडाऊनवरून तू शहरात पार्सल टाकतोस. राजारामपुरीत गल्लीचा नंबर सांगितला की काम होतं, पण पेठेत 'तालमीच्या मागं, पिंपळाजवळ' एवढ्यावर घर शोधायची तुझी जी नजर आहे, ती चाकणला शून्यावरून कमवावी लागणार. पार्सलमागे पैसे असतील तर सुरुवातीला कमाई पडणारच. म्हणून वाढीचा आकडा मूळ पगारात आहे की इन्सेंटिव्हमध्ये, ते आधी लेखी घे. खोलीचं डिपॉझिट, मेस, पेट्रोल आणि महिन्यातून एकदा गावी यायचा खर्च वजा कर. पुण्यापर्यंतच सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चाकण त्याच्याही पुढं.

पण एक बाजू कुणी लिहिली नाही. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद. पार्सलवर पोट असणाऱ्याला असा पावसाळा फार महागात पडतो.

पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, तोच राहतो, गाडीचा एमएच-०९ नंबरही. त्याची काळजी नको.

मला विचारशील तर आधी कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळतंय का बघ. नाहीच जमलं तर तीन महिन्यांनी परत यायची मुभा मागून जा, आणि तोवर घरच्यांना हलवू नकोस.